डिस्क जोडली जात नाही, सीडी-की जोडली जाते: जुन्या गेमच्या खोक्याविषयी एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात 2004 ते 2013 या काळात विकत घेतलेल्या संगणक गेमच्या 27 मूळ डिस्क आहेत. नव्या लॅपटॉपला डिस्क घालण्याची सोयच नाही. तेव्हा पुन्हा पैसे न मोजता हे सगळे गेम स्टीम किंवा तशाच एखाद्या डिजिटल दुकानातील खात्याला जोडून घेता येतील का? यादीत हाफ-लाइफ 2, स्कायरिम, द सिम्स 3, ग्रँड थेफ्ट ऑटो 4, स्टॉकर, नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड आणि एज ऑफ एम्पायर्स 2 ही नावे आहेत, शिवाय टीव्हीला जोडायच्या एक्सबॉक्स 360 या मायक्रोसॉफ्टच्या गेमयंत्राच्या तीन डिस्क आहेत.

संगणक जुळवणे आणि दुरुस्त करणे हा माझा वीसेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि जुन्या गेमच्या डिस्क जमवणे, चालत्या ठेवणे हा त्याला लागूनच जडलेला छंद. अशी खोकी घेऊन लोक माझ्याकडे अधूनमधून येतात, विशेषतः माळा साफ करताना. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की सगळे गेम जोडले जाणार नाहीत. काही पाच मिनिटांत जोडले जातील, काहींसाठी पत्रव्यवहार करावा लागेल आणि काही गेम कोणत्याही खात्यात कधीच जाणार नाहीत. कोणता गेम कोणत्या गटातला, हे डिस्क कितीही स्वच्छ असली तरी तिच्याकडे पाहून कळत नाही, कारण खात्याला डिस्क जोडली जातच नाही.

गेमच्या डबीत आपण दोन वेगवेगळ्या वस्तू विकत घेतलेल्या असतात आणि त्या एकच आहेत असे आपण समजून चालतो. पहिली वस्तू म्हणजे डिस्क, म्हणजे गेमचा माल. दुसरी म्हणजे पुस्तिकेच्या मागच्या पानावर किंवा डबीच्या आत चिकटवलेला, आकडे आणि अक्षरे असलेला कोड, ज्याला आपल्याकडे दुकानदारापासून कॅफेवाल्यापर्यंत सगळे सीडी-की म्हणतात. ही गेम चालवण्याची परवानगी. डिजिटल दुकानाला तुमची डिस्क दिसत नाही आणि दिसली तरी तिचा उपयोग नाही, कारण एका साच्यातून निघालेल्या लाखो डिस्क हुबेहूब सारख्या असतात. वेगळा असतो तो फक्त कोड.

आता पुढचा मुद्दा, ज्यावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत. जुन्या गेमचा कोड डिस्कवरून इन्स्टॉल करताना चालतो, मग दुकान तोच कोड चुकीचा का ठरवते? इन्स्टॉल करताना होणारी तपासणी ही केवळ अंकगणिताची असते. कोडमधील आकड्यांवर ठरावीक हिशेब केला की शेवटचा आकडा जुळतो की नाही, एवढेच इन्स्टॉलर पाहतो. इंटरनेट नसतानाही गेम इन्स्टॉल होत असे तो त्यामुळेच. डिजिटल दुकान हिशेब करत नाही, यादी पाहते. प्रकाशकाने छापलेल्या सगळ्या कोडची यादी त्या दुकानाकडे सोपवलेली असेल तरच तुमचा कोड तिथे सापडणार. प्रकाशकाने ती यादी कधी दिलीच नसेल, किंवा प्रकाशक बुडाला आणि यादी त्याच्याबरोबर गेली, तर तुमचा कोड शंभर टक्के खरा असूनही दुकानाच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. त्यामुळे “माझ्याकडे अस्सल डबी आहे, पावतीसुद्धा आहे” हा युक्तिवाद अशा ठिकाणी लागू पडत नाही. कोणी तुम्हाला खोटे ठरवत नसते, फक्त तुमचे नाव त्या वहीत नसते.

हाफ-लाइफच्या उदाहरणावरून हे नीट समजते. 1998 मध्ये आलेल्या मूळ हाफ-लाइफची सीडी-की 13 आकड्यांची होती, चार-पाच-चार अशा गटांत छापलेली. हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 12 सप्टेंबर 2003 रोजी स्टीम सुरू केले आणि पुढच्या वर्षी जुनी ऑनलाइन व्यवस्था बंद केली, तेव्हा या जुन्या कोडची यादी तिच्या स्वतःच्याच हातात होती. म्हणून पाच-सहा वर्षे जुन्या डब्यांतील कोडही स्टीमने स्वीकारले, आणि एका कोडवर हाफ-लाइफबरोबरच काउंटर-स्ट्राइक, टीम फोर्ट्रेस क्लासिक, डे ऑफ डिफीट असा सगळा संचच खात्यात आला. आपल्याकडच्या सायबर कॅफेंना मात्र याचा फटका बसला. एकाच सीडीवरून दहा संगणकांवर चढवलेला काउंटर-स्ट्राइक कॅफेच्या आतल्या जाळ्यात बिनबोभाट चालत असे. स्टीम आल्यावर एक कोड म्हणजे एक खाते आणि एक खाते एका वेळी एकाच संगणकावर, असा मामला झाला. मला ओळखणाऱ्या एका कॅफेवाल्याने तेव्हा त्या 13 आकड्यांची चिठ्ठी गल्ल्यात कुलूपबंद ठेवायला सुरुवात केली होती.

16 नोव्हेंबर 2004 रोजी हाफ-लाइफ 2 आला आणि डबीतला गेमसुद्धा खात्याला जोडल्याशिवाय चालणार नाही, ही अट पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या गेमवर लागली. डिस्कवरचा माल कुलूपबंद होता आणि किल्ली इंटरनेटवरून येत होती. डायल-अपवर फोन अडकवून त्या किल्लीची वाट पाहणाऱ्यांनी तेव्हा केलेला त्रागा आठवला की हसू येते, पण त्याच अटीमुळे ती डबी आज वीस वर्षांनंतरही जिवंत आहे, हेही मान्य करावे लागते. तुमच्याकडची हाफ-लाइफ 2 ची प्रत आधी कोणी वापरली असेल तर ती कोणत्या ना कोणत्या खात्यात आधीच आहे. म्हणजे इथे नव्याने जोडण्यापेक्षा जुने खाते शोधणे हे खरे काम आहे. त्या काळचा याहू किंवा रेडिफचा ई-मेल पत्ता आठवून पाहा. डबीवरचा कोड हा मालकीचा पुरावा म्हणून स्टीमच्या मदत विभागाला देता येतो.

आता तुमच्या 27 डिस्क टेबलावर मांडून त्यांचे ढीग करा. डबीच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, बारीक अक्षरांत “इंटरनेट जोडणी आणि स्टीम खाते आवश्यक” अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर किंवा स्टीमचे गोल चिन्ह असेल, तर तो पहिला ढीग. 2009 चा कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर 2, 2010 चा फॉलआउट न्यू व्हेगस आणि 2011 चा स्कायरिम हे सगळे यात येतात. यांचा कोड मुळातच स्टीमचा आहे; तो न वापरलेला असेल तर नक्की चालेल आणि वापरलेला असेल तर तो पहिल्या खात्यातून बाहेर निघणार नाही.

दुसऱ्या ढिगात प्रकाशकाचे स्वतःचे दुकान असलेले गेम येतात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 2011 मध्ये ओरिजिन सुरू केले, ज्याची जागा आता ईए ॲपने घेतली आहे. द सिम्स 3 चा डबीवरचा कोड तिथे टाकता येतो आणि प्रत्येक एक्स्पान्शन पॅकचा, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या पुरवणी गेमचा, कोड वेगळा टाकावा लागतो, म्हणून पुस्तिका फेकू नका. ब्लिझार्ड या कंपनीने आपल्या डायब्लो 2 आणि वॉरक्राफ्ट 3 यांच्या जुन्या डब्यांवरचे कोड आपल्या बॅटल डॉट नेट खात्यात घेण्याची सोय केली आणि ती मला या धंद्यातली सर्वांत सभ्य सोय वाटते.

ग्रँड थेफ्ट ऑटो 4 ची गोष्ट थोडी तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण तुमची ती डबी बहुधा “आता काही उपयोग नाही” म्हणून बाजूला पडली असणार. 2008 मध्ये आलेला हा गेम मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या ऑनलाइन व्यवस्थेवर बेतलेला होता. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये तिचे दुकान बंद केले, नवे कोड तयार होईनात, आणि 2020 च्या जानेवारीत हा गेम स्टीमवरून विक्रीतूनही काढावा लागला. मार्चमध्ये गेमची प्रकाशक कंपनी रॉकस्टारने त्याची कंप्लीट एडिशन काढली तेव्हा जुन्या डबीवाल्यांना त्यांचा कोड रॉकस्टारच्या खात्यात नोंदवून ही नवी आवृत्ती उतरवून घेण्याची मुभा दिली. म्हणजे ज्या डिस्कवरचा गेम नव्या विंडोजवर धड सुरूही होत नाही, तिच्या पुस्तिकेवरचा कोड मात्र अजून कामाचा आहे.

स्टॉकरसाठी पोलंडमधील गॉग या दुकानाकडे जा. जुन्या डब्यांवरचे कोड घेऊन त्याबदल्यात कुलूप नसलेली डिजिटल प्रत देण्याची योजना या दुकानाने राबवली आणि त्यात स्टॉकर मालिका आणि माउंट अँड ब्लेड ही नावे होती. गॉगची प्रत घेण्याचा फायदा असा की इन्स्टॉलरची फाइल उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली की पुढे खाते असो वा नसो, गेम चालतो. निवड करण्याची वेळ आली तर मी नेहमी गॉगलाच कौल देतो.

उरलेला ढीग म्हणजे ज्यांना कुठेच जागा नाही. यात 2005 चा मोस्ट वाँटेड येतो, आणि आपल्या पिढीतल्या अनेकांचा यावर विश्वास बसत नाही, कारण पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक कॅफेत आणि प्रत्येक हॉस्टेलमध्ये तो होता. पण हा गेम आज कोणत्याही मोठ्या डिजिटल दुकानात विकतही मिळत नाही. दुकानात जो गेम नाही, तो खात्यात जोडणार कशाला? 2021 च्या मे अखेरीस याच नीड फॉर स्पीड मालिकेतले कार्बन, अंडरकव्हर, शिफ्ट आणि द रन हेही विक्रीतून काढले गेले. ज्यांच्या खात्यात ते आधीच होते त्यांना ते अजून उतरवता येतात, इतरांना नाही. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या की जोडता येण्यासारखा कोड हातात असेल तर तो “बघू पुढे कधीतरी” म्हणून ठेवू नये. एज ऑफ एम्पायर्स 2 च्या 1999 च्या कोडलाही स्टीमवर स्थान नाही. तिथे मिळतो तो नव्याने बांधलेला, वेगळा गेम आहे. सेलमध्ये तो स्वस्त मिळतो, तेव्हा घेऊन टाकावा, हे माझे स्पष्ट मत. स्टीमने 2015 मध्ये रुपयांत किमती लावल्यापासून जुन्या गेमसाठी चार रविवार खर्ची घालण्यापेक्षा एका मिसळीच्या पैशात तो गेम पुन्हा विकत घेणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

कोड वाचणे ही गोष्ट सोपी वाटते, पण खरा वेळ इथेच जातो. आपल्या पावसाळी हवेत पुस्तिकेचे चकचकीत कागद एकमेकांना चिकटतात आणि ते ओढून सोडवले की छपाईचा थर समोरच्या पानावर जातो. अशी पुस्तिका माझ्याकडे आली की मी ती आधी दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवतो, मग पातळ पट्टीने कडेकडेने सोडवतो. अक्षरे दुसऱ्या पानावर उमटली असतील तर फोनने फोटो काढून तो उलटा करून वाचतो. फिकट झालेल्या स्टिकरवर टॉर्च समोरून न मारता अगदी आडवी, कागदाला जवळजवळ टेकवून धरा. छपाईने दबलेल्या जागांची सावली पडते आणि गेलेले अक्षर दिसते. त्यातही 8 आणि बी, 0 आणि ओ, 5 आणि एस, 6 आणि जी यांची अदलाबदल ही ठरलेली चूक. कागदावर सगळ्या शक्यता आधी लिहून काढा आणि मगच टाकायला बसा, कारण स्टीमवर पाठोपाठ बरेच चुकीचे कोड टाकले की साधारण तासभर नवा प्रयत्नच करू दिला जात नाही, आणि पुष्कळ लोक या टप्प्यावर वैतागून उठतात.

पुस्तिका हरवलीच असेल आणि ज्या जुन्या संगणकावर गेम इन्स्टॉल होता त्याची हार्ड डिस्क अजून माळ्यावर असेल, तर आशा सोडू नका. इन्स्टॉल करताना टाकलेला कोड बहुतेक गेम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, लिहून ठेवत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या त्या काळच्या अनेक गेमचा कोड ईआरजीसी नावाच्या नोंदीत जसाच्या तसा सापडतो, आणि मूळ हाफ-लाइफचा व्हॉल्व्हच्या नोंदीत. हार्ड डिस्क केबलने दुसऱ्या संगणकाला लावून जुनी रजिस्ट्री फाइल उघडणे हे कोणाही बऱ्या दुरुस्तीवाल्याचे अर्ध्या तासाचे काम आहे. भंगारवाल्याला जुना सीपीयू देण्याआधी हे करून घ्या.

कोड टाकण्याची कृती किरकोळ आहे: स्टीमच्या खिडकीत गेम्स या मेनूखाली उत्पादन ॲक्टिव्हेट करण्याचा पर्याय आहे, तिथे कोड टाकून पुढे जायचे. हे काम विंडोज 10 किंवा त्यापुढच्या संगणकावर करा, कारण 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने विंडोज 7 आणि 8 चा पाठिंबा काढला आहे. पुढे येणाऱ्या उत्तराचा अर्थ लावणे जास्त महत्त्वाचे. कोड अवैध आहे असे उत्तर आले तर एकतर वाचनात चूक आहे किंवा तो कोड स्टीमच्या यादीत कधी नव्हताच. कोड आधीच वापरला गेला आहे असे उत्तर आले तर तो खरा आहे, पण दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात आहे. आणि तो या देशात चालणार नाही असे उत्तर आले, तर डबीवर “फक्त भारत, नेपाळ, श्रीलंका येथे विक्रीसाठी” अशी चिठ्ठी आहे का ते पाहा. इथे स्वस्तात छापलेल्या काही डब्यांचे कोड इथल्याच खात्यांपुरते बांधलेले असतात. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या भावाला फोनवर कोड सांगून तो तिकडे जोडण्याचा प्रयत्न फसतो तो यामुळे.

कोड आधीच वापरलेला निघाला आणि तुम्ही ती डबी नवी म्हणून घेतली असेल, तर मदत विभागाला लिहिता येते. अशा वेळी स्टीम तक्रारीचा क्रमांक मूळ स्टिकरच्या शेजारी पेनाने हाताने लिहायला सांगते आणि त्याचा फोटो मागते, म्हणजे इंटरनेटवरून उचललेला फोटो पाठवून कोणी फसवू नये. शाईचा डाग पडेल म्हणून संग्राहक मंडळी इथे कचरतात, पण त्यावाचून पर्याय नाही. जुन्या बाजारातून घेतलेल्या डबीबाबत मात्र काहीही होणार नाही. माझीच फजिती सांगतो: मी एकदा सीलबंद म्हणून विकलेली डबी पूर्ण किमतीत घेतली, घरी येऊन कोड टाकला तर तो वापरलेला. प्लास्टिकचे वेष्टन दुकानदाराने स्वतःच गरम हवेने पुन्हा चढवलेले होते. तेव्हापासून पहिल्या ढिगातला कोणताही गेम मी सेकंडहँड घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये.

डिस्कवरचा माल वापरून उतरवण्याचा वेळ वाचेल का, असाही एक उपप्रश्न तुम्ही विचारला आहे. काही स्टीम डिस्कवरून तो वाचतो, पण आता त्यात अर्थ उरलेला नाही, कारण डिस्कवरच्या आवृत्तीवर नंतरच्या दुरुस्त्या उतरवताना जवळपास तेवढाच माल पुन्हा खाली येतो. शिवाय पुढेपुढे डिस्क नावापुरतीच राहिली. 2015 मध्ये मेटल गिअर सॉलिड 5 ची डबी उघडणाऱ्यांना डिस्कवर फक्त नऊ एमबीच्या आतबाहेरचा स्टीमचा इन्स्टॉलर मिळाला होता, गेमचा एक बाइटही नव्हता.

कोड टाकण्याआधी एकदा थांबून विचार करण्याची गोष्ट म्हणजे तो कोणाच्या खात्यात टाकायचा. हा व्यवहार एकदाच होतो आणि मागे फिरवता येत नाही. माझ्या एका ग्राहकाच्या आग्रहावरून मी त्यांच्या खोक्यातले नऊ गेम त्यांच्या धाकट्या मुलाच्या खात्यात जोडून दिले. थोरली मुलगी, जिने खाऊच्या पैशांतून त्यातले निम्मे घेतले होते, ती सुटीला घरी आली तेव्हा जे रामायण झाले ते मी ऐकले आहे. आता निदान स्टीम फॅमिलीज ही सोय आहे, जिच्यात एका घरातल्या सहा जणांना एकमेकांच्या खात्यातले बरेचसे गेम खेळता येतात. पण मालकी एकाचीच राहते. डबी तुम्ही मित्राला देऊ शकत होता, विकू शकत होता, भावाच्या वाटणीला देऊ शकत होता. खात्यात गेलेला गेम यांपैकी काहीही करू देत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर 2010 मध्ये हाफ-लाइफ 2 च्याच डबीवरून हा प्रश्न आला होता आणि खाते दुसऱ्याला देण्यावरील बंदी न्यायालयाने ग्राह्य धरली: डिस्क तुम्ही खुशाल विका, घेणाऱ्याला ती खात्याविना चालणार नाही, हा कंपनीचा दोष नव्हे. फ्रान्समध्ये 2019 साली पॅरिसच्या न्यायालयाने व्हॉल्व्हविरुद्ध निकाल दिला, पण 2022 मध्ये अपिलात तो फिरला. म्हणजे युरोपातही हा दरवाजा तूर्त बंदच आहे. डबीला जर संग्रह म्हणून बाजारभाव असेल, उदाहरणार्थ न उघडलेली मोठ्या खोक्यातली आवृत्ती, तर तिचा कोड वापरू नका; गेम वेगळा विकत घ्या.

गेम जोडल्यानंतर डिस्क फेकून द्यावी का, तर नाही. डिजिटल प्रत म्हणजे तोच गेम असेल याची शाश्वती नसते. ग्रँड थेफ्ट ऑटो 4 मधील कितीतरी गाणी परवान्याची मुदत संपल्यामुळे 2018 मध्ये एका अपडेटद्वारे काढली गेली, रशियन गाण्यांचे रेडिओ स्टेशन तर ओळखू येऊ नये इतके बदलले, आणि कंप्लीट एडिशनमध्ये मल्टिप्लेअरही नाही. तुमच्या 2008 च्या डिस्कवर ती गाणी आहेत. ती डिस्क जपून ठेवा आणि तिची प्रत काढून ठेवा.

प्रत काढणे कायदेशीर आहे का, याचे उत्तर आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवण्यापासून, नष्ट होण्यापासून किंवा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढण्याची मुभा कलम 52 मध्ये दिलेली आहे. ती प्रत मित्राला देणे त्यात बसत नाही. साधी डिस्क असेल तर बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या आणि इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, करून ठेवा. अडचण येते ती नक्कल रोखणारे सेफडिस्कसारखे संरक्षण असलेल्या डिस्कची. हे संरक्षण विंडोजमध्ये एक ड्रायव्हर घालून चालत असे. सुरक्षेला त्याचा धोका असल्याने विंडोज 10 मध्ये तो ठेवलाच नाही, आणि सप्टेंबर 2015 च्या अपडेटने विंडोज 7 आणि 8 मध्येही बंद केला. त्यामुळे या गटातली मूळ, अस्सल, न ओरखडलेली डिस्क नव्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये फिरते, आवाज करते आणि गेम मात्र सुरू होत नाही. अशा गेमसाठी माझा उपाय जुनाट आहे: विंडोज एक्सपी असलेला एक संगणक, इंटरनेटपासून पूर्ण तोडलेला, कोपऱ्यात ठेवून द्यायचा. मोस्ट वाँटेड तिथे आजही पहिल्या दिवशीसारखा पळतो.

राहिल्या एक्सबॉक्स 360 च्या तीन डिस्क. त्या कोणत्याही खात्याला जोडता येत नाहीत, आणि याला एक इतिहास आहे. 2013 मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा डिस्क घातली की गेम खात्याला बांधला जाईल आणि दर 24 तासांनी इंटरनेटवरून खातरजमा होईल, अशी मायक्रोसॉफ्टची मूळ योजना होती. ग्राहकांनी एवढा आरडाओरडा केला की 19 जूनला ती मागे घ्यावी लागली. सोनीने जपानमध्ये पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या यूएमडी नावाच्या छोट्या डिस्क नोंदवून व्हीटा या त्यापुढच्या यंत्रावर त्याच गेमची डिजिटल प्रत सवलतीत देण्याची योजना 2011 मध्ये आणली, ती जपानबाहेर आली नाही. तुमच्या डिस्कपैकी ज्या मायक्रोसॉफ्टच्या सुसंगत गेमच्या यादीत असतील त्या एक्सबॉक्स वन किंवा सिरीज एक्समध्ये घातल्या की गेम इंटरनेटवरून उतरेल आणि चालेल, पण खेळताना प्रत्येक वेळी डिस्क आत असावी लागेल. ही यादी 2021 नंतर वाढलेली नाही. सिरीज एस घ्यायचा विचार असेल तर त्याला डिस्कची जागाच नाही, एवढे ध्यानात ठेवा.

सुरुवात ग्रँड थेफ्ट ऑटो 4, सिम्स 3 आणि स्टॉकर या तिघांपासून करा. कष्ट कमी आणि मिळणारे जास्त, असे हेच तीन आहेत. जोडून झालेल्या प्रत्येक डबीच्या आत, कोडच्या स्टिकरला हात न लावता, कोणत्या दुकानात, कोणत्या ई-मेलच्या खात्यात आणि कोणत्या तारखेला तो गेम जोडला हे पेन्सिलने लिहून ठेवा. पाच वर्षांनी हेच खोके पुन्हा माळ्यावरून खाली येईल तेव्हा यातले काहीही तुम्हाला आठवणार नाही.